‘गण’ शब्दाचा अर्थ आणि औषधिगणांचा व्यवहार

आयुर्वेदाच्या अध्यापनात, चिकित्सेत व औषधनिर्मितीत ‘गण’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा अर्थ निराळा सांगावा असे कोणास वाटत नाही. दशमूळ हा गण, त्रिकटु हाही गण, जीवनीय हाही गण आणि सुरसादि हाही गणच. विद्यार्थिदशेत हे सारे पाठ करून परीक्षेत लिहिले, पुढे व्यवसायात ‘अमुक गणाची द्रव्ये वापरावीत’ असे एकमेकांस सांगितले, एवढ्यावर बहुधा हा विषय संपतो. मात्र औषधाच्या चिठ्ठीवर गणाचे नाव लिहिताना आणि औषधाच्या पुड्यावर ते नाव छापताना आपण नेमके काय सांगत असतो, याचा विचार करण्याची वेळ प्रस्तुत लेखकावर एका रुग्णामुळे आली. म्हणून हा लेखप्रपंच.

खापा येथे कन्हान नदीच्या काठी हातमागाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या धंद्यातील एक मध्यमवयीन गृहस्थ वैशाखात ज्वर घेऊन आले. अंगाचा दाह, तहान, तोंडास चव नाही, मळमळ, मलप्रवृत्ती अवष्टब्ध. सुश्रुतोक्त गुडूच्यादि गणाचेच हे क्षेत्र. चिठ्ठीवर ‘गुडूच्यादि क्वाथ’ एवढेच लिहून दिले. तिसऱ्या दिवशी गृहस्थ परत आले, तेव्हा ज्वर थोडा उतरलेला होता, परंतु मलावष्टंभ वाढला होता आणि दाहही होताच. पुडा मागवून पाहिला. त्यात गुळवेलीबरोबर सुंठ, अतिविष, बेल, कुडा, पाठा अशी द्रव्ये होती. म्हणजे हा ज्वरातिसारात सांगितलेला गुडूच्यादि क्वाथ होता. दुकानदाराने खोटे काही दिले नव्हते. पुड्यावर नावही ‘गुडूच्यादि’ असेच होते आणि घटकद्रव्यांची यादीही पूर्ण होती. चूक चिठ्ठीची होती. ‘आदि’ या अक्षरांमागे कोणती मंडळी उभी आहेत हे लिहिणाऱ्याने गृहीत धरले आणि देणाऱ्याने दुसरेच गृहीत धरले.

‘गण’ शब्द संख्यानार्थक ‘गण्’ धातूपासून आला आहे. गणित, गणना, गणक, अगणित ही त्याचीच भावंडे. म्हणजे मुळात गण म्हणजे मोजून घेतलेला समूह. केवळ ढीग किंवा जमाव नव्हे. मराठीत हा शब्द किती ठिकाणी वावरतो हे पाहिले म्हणजे मौज वाटते. शिवाचे गण आणि त्यांचा अधिपती गणपती, तमाशाच्या आरंभी त्याच्याच स्तवनाचा म्हणून ‘गण’, विवाह जुळविताना पाहतात ते देव, मनुष्य व राक्षस हे तीन गण, शाळकरी मुलांचा गणवेश, सभेची गणपूर्ती, आणि नातेवाइकांचे गणगोत. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत गट आणि पंचायत समितीच्या निवडणुकीत गण हे तर आपल्या ग्रामीण भागात सर्वांच्याच तोंडी आहे. एका गटात दोन गण असतात. वृत्तशास्त्रात तीन-तीन अक्षरांचे आठ गण आहेत, तेथे लघु-गुरूंचा क्रम बदलला की गण बदलतो. व्याकरणात पाणिनीय परंपरेने धातूंचे दहा गण केले आणि प्रत्येकास पहिल्या धातूचे नाव देऊन पुढे ‘आदि’ जोडले: भ्वादि, अदादि, चुरादि. सुश्रुताने औषधींच्या गणांना नावे दिली ती याच धाटणीची आहेत.

या सर्व अर्थांत आपल्या कामाचा एक अर्थ कोशात दडलेला आहे. अमरकोशात सेनेच्या विभागांची परिमाणे दिली आहेत. त्यात ‘गण’ नावाच्या तुकडीत २७ रथ, २७ हत्ती, ८१ घोडे आणि १३५ पायदळ असा हिशेब आहे. येथे गण म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूंचा समूह नाही. चार भिन्न अंगे ठराविक प्रमाणात एका कार्यासाठी एकत्र आली की तो गण होतो. हत्ती कमी पडले म्हणून तेवढेच घोडे घेतले तर शिरगणती जुळेल, पण तो गण राहणार नाही. औषधिगणाचा अर्थ समजून घेण्यास या उदाहरणाइतके सोयीचे दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकास आढळले नाही.

याउलट आधुनिक जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘गण’ ही संज्ञा वर्गाच्या खालील एका पायरीसाठी योजली आहे. स्तनी वर्गातील कृंतक गण म्हणजे उंदीर, खार इत्यादी कुरतडणारे प्राणी. तेथे गण ठरतो तो रचनेच्या साम्यावरून व वंशसंबंधावरून. आयुर्वेदातील गण रचनेवरून ठरत नाही, कर्मावरून ठरतो. हिरडा आणि बेहडा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीतील (टर्मिनॅलिया) सख्खे भाऊ. आवळा अगदी परक्या कुलातला. तरी त्रिफळेत तिघे एकत्र बसतात. मिरे आणि पिंपळी एका प्रजातीतील (पायपर), सुंठ निराळ्या कुलातील. तरी त्रिकटु एकच. हा भेद स्पष्ट असता तर ‘एकाच कुलातील वनस्पती आहे, चालेल’ असा जो युक्तिवाद कच्च्या मालाच्या बाजारात वारंवार ऐकू येतो, तो ऐकून घेण्याचे कारण उरले नसते. नागपूरच्या इतवारीत माल घेणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा अनुभव असेल.

गण आणि वर्ग

संहिताकारांच्या काळी ‘गण’ व ‘वर्ग’ या दोन शब्दांत काटेकोर सीमारेषा नव्हती. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायाला ‘शोधनादिगणसंग्रह’ असे नाव दिले. अध्यायाच्या अखेरीस मात्र त्याच समूहांना तो ‘वर्ग’ म्हणतो आणि त्यांची संख्या तेहतीस सांगतो. चरकाने सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय सांगितले, प्रत्येकात दहा द्रव्ये. आणि त्या पन्नासांची पुन्हा दहा कषायवर्गांत मांडणी केली. जीवनीय, बृंहणीय, लेखनीय, भेदनीय, संधानीय व दीपनीय हे सहा मिळून पहिला वर्ग; बल्य, वर्ण्य, कंठ्य व हृद्य हे चार मिळून दुसरा. म्हणजे चरकाच्या या अध्यायात वर्ग हा समूहांचा समूह आहे.

पुढे निघंटुकारांनी ‘वर्ग’ शब्द आपल्या ग्रंथांच्या प्रकरणांसाठी घेतला आणि येथून घोटाळ्यास आरंभ झाला. भावप्रकाशात हरीतक्यादि, कर्पूरादि, गुडूच्यादि, पुष्प, वटादि असे वर्ग आहेत. सुश्रुताच्या गुडूच्यादि गणात गुडूची, निंब, धने, चंदन व पद्मक ही अवघी पाच द्रव्ये आहेत, आणि पाचांचे मिळून एक निश्चित कर्म आहे: सर्व ज्वर दूर करणे, अग्नी दीप्त करणे, आणि मळमळ, अरुची, वांती, तहान व दाह यांचे शमन करणे. भावप्रकाशाच्या गुडूच्यादि वर्गात मात्र अनेक वनस्पती एकामागून एक येतात. त्यांचे मिळून एक कर्म नाही आणि तसे ग्रंथकाराचे म्हणणेही नाही. ती ग्रंथाची मांडणी आहे. नाव एकच, पण एक चिकित्सेतील साधन आणि दुसरे पुस्तकातील प्रकरण. निघंटूतील वर्ग पाहून ‘हे द्रव्य त्याच वर्गातले आहे, म्हणून समानगुणी’ असे अनुमान काढणे म्हणजे एकाच आळीत राहणारे सगळे एकाच धंद्याचे, असे समजण्यासारखे आहे.

नावातच लपलेले नियम

औषधिसमूहांच्या नावांकडे बारकाईने पाहिले तर तीन तऱ्हा दिसतात. काही नावे संख्येने बांधलेली आहेत: त्रिफळा, त्रिकटु, त्रिजात, चातुर्जात, पंचकोल, षडूषण, पंचवल्कल, दशमूळ. काही ‘आदि’ने मोकळी ठेवलेली आहेत: विदारिगंधादि, आरग्वधादि, वरुणादि, सुरसादि. आणि काही कर्मावरून पडलेली आहेत: ज्वरहर, कासहर, दाहप्रशमन.

संख्येने बांधलेले नाव सर्वांत कडक. त्यातील एक द्रव्य काढले वा घातले की नाव बदलते आणि ते शास्त्रकारांनी स्वतःच बदलून ठेवले आहे. दालचिनी, वेलची व तमालपत्र हे त्रिजात. त्यात नागकेशर घातले की ते चातुर्जात. पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक व सुंठ हे पंचकोल. त्यात मिरे घातले की षडूषण. तेव्हा चवक महाग झाली म्हणून ती वगळून उरलेल्या चारांना कोणी पंचकोल म्हणेल तर तो शास्त्राशीच नव्हे, अंकगणिताशीही प्रतारणा करतो.

‘आदि’ नावाच्या गणाविषयी एक समज असा की पहिले द्रव्य तेच प्रमुख आणि इतर त्याचे अनुयायी. हे सर्वत्र खरे नाही. आरग्वध म्हणजे बाहवा. चरकाने अग्र्य द्रव्यांच्या यादीत त्याला मृदू विरेचन द्रव्यांत श्रेष्ठ म्हटले आहे. परंतु आरग्वधादि गणाचे सुश्रुताने सांगितलेले कर्म पाहावे: कफ व विष दूर करणे, मेह, कुष्ठ, ज्वर, वांती व कंडू यांचा नाश आणि व्रणाचे शोधन. विरेचनाचा तेथे उल्लेखही नाही. पहिल्या द्रव्याने गणाला नाव दिले, परंतु त्याचे सर्वांत प्रसिद्ध कर्म गणाला दिले नाही. गणात आल्यावर प्रत्येक द्रव्य आपल्या अनेक कर्मांपैकी त्या गणाच्या कामाचे तेवढेच पुढे करते. प्रतिनिधी द्रव्यांच्या नियमात ‘योगातील अप्रधान द्रव्याला प्रतिनिधी चालतो, प्रधानाला नाही’ असे सांगितले आहे. मात्र गणात प्रधान कोण, हे नाव वाचून ठरविता येत नाही, कर्म पाहून ठरवावे लागते.

कर्मावरून पडलेली नावे तिसरी. येथे चरकाने स्वतःच एक शंका उपस्थित करून तिचे निरसन केले आहे. अग्निवेश विचारतो की, पन्नास महाकषायांत दहा-दहा मिळून पाचशे द्रव्ये होतात असे आपण म्हणता, पण तीच ती द्रव्ये पुनःपुन्हा आलेली दिसतात, मग पाचशे भरतात कसे? आत्रेयांचे उत्तर असे की, एकच मनुष्य निरनिराळी कामे करू लागला की त्या त्या कामावरून त्याला निरनिराळी नावे मिळतात. द्रव्याचेही तसेच आहे. मोथा लेखनीयातही आहे, तृप्तिघ्नातही आहे, कंडूघ्नातही आहे आणि स्तन्यशोधनातही आहे. गुळवेल तृप्तिघ्न, स्तन्यशोधन, तृष्णानिग्रहण आणि दाहप्रशमन या चार ठिकाणी आहे आणि ‘अमृता’ या नावाने वयःस्थापनातही आहे.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. चरकाच्या ज्वरहर महाकषायात गुळवेल नाही! सारिवा, शर्करा, पाठा, मंजिष्ठा, द्राक्षा, पीलू, परूषक आणि त्रिफळेची तीन फळे, अशी ती दहा द्रव्ये आहेत. ज्या द्रव्यावाचून आपल्यापैकी कोणाचीही ज्वरचिकित्सा पुरी होत नाही, ते ज्वरहराच्या यादीत नसावे आणि साखर असावी! चरकाला गुळवेलीचे ज्वरघ्नत्व ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या ज्वरचिकित्सेत ती जागोजाग आहे. अर्थ एवढाच की महाकषायाची यादी परिपूर्ण सूची नव्हे. ती वानगी आहे, दिशा दाखविणारी. चरकाने तसे म्हटलेही आहे: हा विस्तार अल्पबुद्धींच्या व्यवहाराला पुरेसा आहे आणि बुद्धिमंतांना यावरून न सांगितलेलेही अनुमानाने कळेल. तेव्हा गणात नाव नसणे म्हणजे निषेध नव्हे. आणि गणात नाव असणे म्हणजे त्या गणातील इतर कोणाच्याही जागी बसण्याचा परवाना नव्हे.

दशमूळाचे उदाहरण

या तिन्ही तऱ्हा एकाच समूहात पाहावयाच्या तर दशमूळ घ्यावे. चरकाच्या शोथहर महाकषायातील दहा द्रव्ये म्हणजे पाटला, अग्निमंथ, श्योनाक, बिल्व, काश्मर्य, कंटकारी, बृहती, शालपर्णी, पृश्निपर्णी आणि गोक्षुर. म्हणजे आपले दशमूळच. चरकाने येथे नाव दिले कर्माचे. सुश्रुताने नाव दिले संख्येचे आणि अंगाचे. शिवाय दोन पंचमूळांची जोडणी करून. लघुपंचमूळ वातघ्न, पित्तशामक, बृंहण व बलवर्धक. बृहत्पंचमूळ कफवातघ्न व अग्निदीपक. आणि दोन्ही एकत्र केल्यावर श्वासहर, तिन्ही दोषांवर उपयुक्त, आमपाचक व सर्वज्वरनाशक असे कर्म सुश्रुत सांगतो. आमपाचनाचा उल्लेख दोन्ही पंचमूळांच्या वर्णनात निरनिराळा नाही, जोडणीच्या वर्णनात आहे. गणाचे कर्म ही घटकद्रव्यांच्या कर्मांची निव्वळ बेरीज नसते, याला याहून चांगला दाखला नको.

आता बाजारातील दशमूळाकडे वळू. बेल, टेटू, शिवण, पाडळ व ऐरण हे पाच मोठे वृक्ष वा मोठी झुडपे. त्यांची मुळे काढणे म्हणजे झाड मारणे. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू या पाच लहान वनस्पती उपटल्या जातात त्या बहुधा फळ-बी पडण्यापूर्वीच. विदर्भातील शुष्क पानझडी जंगलात बेल, शिवण अजून दिसतात, पण टेटू पाहावयाचा तर मुद्दाम शोधत जावे लागते. अशा स्थितीत मोठ्या पाचांच्या मुळाऐवजी खोडाची साल आणि लहान पाचांच्या मुळाऐवजी पंचांग वापरण्याचा प्रघात पडला. यामागे लबाडीच आहे असे मानण्याचे कारण नाही. वृक्ष वाचविण्याची कळकळही त्यामागे असू शकते आणि ती प्रस्तुत लेखकासही मान्य आहे. परंतु या समूहाच्या नावातच ‘मूळ’ आहे. संख्या दहा भरली, दहाही वनस्पती त्याच असल्या, तरी अंग बदलले आहे. ‘अंग सांगितले नसेल तेथे मूळ घ्यावे’ असा शार्ङ्गधराचा परिभाषा-नियम आहे. येथे तर अंग सांगितलेलेच आहे.

यावर मार्ग एकच दिसतो: जे वापरले ते लिहावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियम १६१ नुसार आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची खरी यादी, वनस्पतींची शास्त्रीय नावे आणि वापरलेले अंग देणे बंधनकारकच आहे. ‘बेल, खोडसाल’ असे छापल्याने औषध हीन ठरत नाही. उलट वैद्याला मात्रेचा विचार करता येतो आणि गुण आला वा न आला तर त्याचे कारण शोधता येते. ‘दशमूळ’ एवढाच शब्द छापून आत काहीही असले तर दशमूळाचा अनुभव म्हणून आपण जो एकमेकांस सांगतो, तो नेमका कशाचा अनुभव?

काढण्या-घालण्याचा अधिकार

येथे कोणी म्हणेल की शास्त्रानेच गणात फेरफार करण्याची मुभा दिली आहे. खरे आहे, आणि एकट्या ग्रंथकाराने नव्हे. चरक विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात म्हणतो की, बुद्धिमान वैद्याने यादीत असलेले द्रव्यही अयोग्य वाटल्यास काढावे, यादीत नसलेलेही योग्य वाटल्यास घालावे, आणि युक्तीला प्रमाण मानून एका वर्गाची दुसऱ्याशी जोडणीही करावी. सुश्रुत सांगतो की, दोषांचे भेद पाहून गण समस्त वापरावा, अंशतः वापरावा वा दोन गण मिसळावेत. वाग्भट सांगतो की, द्रव्य न मिळाल्यास तशाच प्रकारचे दुसरे योजावे आणि अयोग्य ते टाकावे. शार्ङ्गधरही व्याधीला प्रतिकूल असलेले द्रव्य गणात सांगितलेले असले तरी टाकण्यास सांगतो.

परंतु ही मुभा कोणाला आहे? चारही ठिकाणी ती वैद्याला आहे. आणि कशाच्या आधारावर? समोरचा रुग्ण, त्याचा दोष, त्याचा व्याधी यांच्या आधारावर. चरकाने त्याच ठिकाणी पुढे असेही म्हटले आहे की, मंदबुद्धीने मात्र जसे सांगितले तसेच अनुसरणे श्रेयस्कर. आमच्या औषधनिर्मात्या बंधूंनी राग मानू नये. येथे बुद्धीचा प्रश्नच नाही, दृष्टीचा आहे. हजार पुडे बांधणाऱ्याला त्या हजार रुग्णांपैकी एकही दिसत नसतो. ज्याला रुग्ण दिसत नाही त्याला युक्ती करण्याचे साधनच नाही, म्हणून त्याला यथोक्त अनुसरण हाच मार्ग. गोदामात माल नाही म्हणून केलेला बदल आणि रुग्ण पाहून केलेला बदल, या दोन्हींना आपण ‘प्रतिनिधी’ हा एकच शब्द लावतो, हे दुर्दैव होय.

अष्टवर्गाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी व वृद्धी ही आठ द्रव्ये राजांनाही दुर्लभ आहेत असे सोळाव्या शतकातच भावमिश्राने नमूद केले आणि मेदा-महामेदांसाठी शतावरी, जीवक-ऋषभकांसाठी विदारीकंद, काकोलीद्वयासाठी अश्वगंधा व ऋद्धी-वृद्धींसाठी वाराहीकंद असे प्रतिनिधी सांगितले. आठांच्या जागी चार आले. तरी हा बदल उघडपणे, ग्रंथात, जोडीजोडीने आणि गुणसाम्य पाहून केलेला आहे. त्यामुळे आज च्यवनप्राश करणारा कोणीही ‘अष्टवर्गाऐवजी ही चार द्रव्ये’ असे उजळ माथ्याने छापू शकतो. आपणांस नवे प्रतिनिधी हवे असतील तर त्यांचीही नावे अशीच चारचौघांत, कारणांसह मांडावी लागतील.

चंदनाविषयीही येथे लिहिले पाहिजे, कारण सुरुवातीच्या गुडूच्यादि गणाशी त्याचा संबंध आहे. सुश्रुताच्या गणात ‘चंदन’ असा शब्द आहे. वाग्भटाने त्याच पाच द्रव्यांचा गण देताना स्पष्टपणे ‘रक्तचंदन’ म्हटले. शार्ङ्गधराची परिभाषा अशी की, कषाय व लेप यांत बहुधा रक्तचंदन घ्यावे आणि चूर्ण, स्नेह, आसव व अवलेह यांत श्वेतचंदन. क्वाथासाठी म्हणून रक्तचंदनाला दोन ग्रंथांचा आधार मिळतो. असे असता काही पुड्यांवर नुसते ‘चंदन’ छापलेले आढळते आणि आत कोणते आहे ते रंगावरून ओळखावे लागते. रक्तचंदनाचा (टेरोकार्पस सँटॅलिनस) समावेश १९९५ पासून वन्य जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्याचा पुरवठा नियंत्रित आहे आणि किंमतही. तेव्हा लाल दिसणारे प्रत्येक लाकूड रक्तचंदन नसते, हे खरेदी करणाऱ्याने विसरू नये.

त्या विणकर गृहस्थांना पुढे गुळवेल, कडुनिंबाची साल, धने, रक्तचंदन व पद्मक ही पाच द्रव्ये समभाग भरड करून क्वाथासाठी दिली. कडुनिंबावर चढलेली गुळवेल घराजवळच होती, ती ओलीच घेतली. मलावष्टंभ पाहून त्यात मनुका घातल्या, ज्या सुश्रुताच्या या गणात नाहीत. ज्वर, दाह आणि तहान चार दिवसांत गेली.

त्यानंतर खाप्यात आम्ही काही वैद्य आणि औषधविक्रेते एका संध्याकाळी एकत्र बसलो आणि चिठ्ठीवर गणाचे वा ‘आदि’ योगाचे नाव लिहिताना त्यापुढे कंसात ग्रंथाचे व अधिकाराचे नाव लिहावयाचे असे ठरविले: ‘गुडूच्यादि (सुश्रुत, सूत्र ३८)’ किंवा ‘गुडूच्यादि (ज्वरातिसार)’. विक्रेत्यांनी आपल्याकडील ‘आदि’ नावाच्या प्रत्येक क्वाथाची घटकयादी एका वहीत उतरवून ठेवली आहे. वहीत आतापर्यंत एकाच नावाखाली दोन निरनिराळे पाठ असलेले सात योग निघाले. त्यांपैकी दोन एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले होते.